गॅस गिझर पेटत नाही? आधी पाणी, सेल, सिलिंडर बघा; आणि पेटत असेल तर हवा बघा

बेळगाव : थंडी पडली की बेळगाव, खानापूर, निपाणी भागात गिझर दुरुस्त करणाऱ्यांचे फोन सकाळी सहापासून वाजायला लागतात. तक्रारी दरवर्षी त्याच असतात. टकटक होते पण पेटत नाही. पेटतो आणि लगेच विझतो. पाणी कोमटच येतं. यातल्या बऱ्याच तक्रारींत गिझर बिघडलेला नसतोच. कुठे सेल उतरलेले असतात, कुठे जाळीत कचरा अडकलेला असतो, कुठे टाकीतलं पाणी कमी झालेलं असतं. फिटरची वाट बघण्याआधी घरच्या घरी चार गोष्टी तपासल्या तर वेळही वाचतो आणि पैसेही.

पण गॅस गिझरचा एक दोष असा आहे, ज्याची तक्रार कुणी करत नाही. कारण त्यात गिझर व्यवस्थित पेटतो, पाणी छान गरम येतं आणि बाथरूममध्ये गेलेला माणूस बाहेर येत नाही. दर हिवाळ्यात अशी एखादी तरी बातमी कुठल्या ना कुठल्या गावातून येतेच. गिझर बंद पाडणारा बिघाड नुसता त्रास देतो. गिझर चालू ठेवणारा हा दोष मात्र जीव घेतो. म्हणून दोन्ही एकत्रच समजून घ्यायला हवेत.

गिझर चालतो तरी कसा?

गॅस गिझरमध्ये पाणी साठत नाही. पाणी आतून वाहत जातं आणि वाहता वाहता गरम होतं. गरम पाण्याचा नळ उघडला की थंड पाणी गिझरमध्ये शिरतं. त्याच्या दाबाने आतला रबरी पडदा, म्हणजे डायफ्रॅम, सरकतो. पडदा सरकला की एक छोटा स्विच दाबला जातो. स्विच दाबला की सेलवर चालणारं सर्किट जागं होतं, ठिणगीची टकटक सुरू होते आणि गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो. बर्नर पेटतो आणि वरच्या तांब्याच्या नळीतून जाणारं पाणी तापतं.

बर्नरजवळ आणखी एक बारीक दांडी असते. ज्योत पेटली आहे की नाही, हे ती ओळखते. तिला ज्योत दिसली नाही तर काही सेकंदांत गॅस बंद होतो. नळ बंद केला की दाब जातो, पडदा मागे येतो आणि सगळं थांबतं.

म्हणजे गिझर पेटायला चार गोष्टी लागतात. पाण्याचा दाब, सेल, गॅस आणि हवा. यातल्या पहिल्या तीनपैकी एक जरी नसली तरी गिझर पेटत नाही. चौथी कमी पडली तरी तो बराच वेळ पेटलेला राहतो. धोका तिथेच आहे.

टकटकच होत नाही

नळ सोडला, पाणी येतंय, पण गिझर एकदम गप्प. अशा वेळी आधी सेल बघा. बहुतेक गिझरना दीड व्होल्टचे दोन मोठे सेल लागतात आणि त्यांचा डबा गिझरच्या खालच्या बाजूला असतो. बाथरूमच्या ओलाव्याने सेल पाझरतात आणि पत्र्यांवर हिरवट-पांढरा थर चढतो. पत्रे कोरड्या फडक्याने पुसून दोन्ही सेल एकदम नवीन घाला. एक जुना, एक नवीन असं करू नका. उन्हाळ्यात गिझर वापरायचा नसेल तर सेल काढूनच ठेवलेले बरे.

सेल नवीन घालूनही गिझर गप्प असेल तर पाण्याचा दाब बघा. गिझरच्या खाली थंड पाणी जिथून शिरतं, तिथे एक बारीक जाळी असते. टाकीतला गाळ, पाइपातला गंज, प्लंबिंगच्या वेळी राहिलेले टेफ्लॉन टेपचे तुकडे, सगळं तिथे अडकतं. थंड पाण्याचा कॉक बंद करून पाइप सोडवा, जाळी काढून जुन्या ब्रशने धुवा आणि परत लावा. हे काम घरी करता येतं.

टाकीची उंचीही महत्त्वाची आहे. गिझरपासून टाकी दहा फूट वर असेल तर साधारण 0.03 मेगापास्कल दाब मिळतो. गिझरला किमान किती दाब लागतो, ते त्याच्या पाटीवर लिहिलेलं असतं. खालच्या मजल्यावर तोच गिझर मस्त चालतो आणि वरच्या मजल्यावर टाकी चार-पाच फुटांवरच असल्यामुळे रुसून बसतो, असं अनेक घरांत होतं. तिथे गिझर बदलून उपयोग नाही. टाकी उंच करावी लागते किंवा छोटा प्रेशर पंप लावावा लागतो.

दाब चांगला आहे, सेल नवे आहेत, तरी टकटक नाही, मग डायफ्रॅम फाटला असेल किंवा आतला स्विच गेला असेल. हे काम फिटरचं.

टकटक होते, पण पेटत नाही

टकटक होते म्हणजे पाणी आणि सेल यांचं काम होतंय. आता गॅस. सिलिंडर संपला का, रेग्युलेटर चालू आहे का, नळीला कुठे मुरड पडली का, हे बघा. हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही. अनेकदा रेग्युलेटरच बंद असतो. सिलिंडर नवीन लावला असेल किंवा गिझर बरेच दिवस बंद असेल तर नळीत हवा भरलेली असते. दोन-तीनदा नळ उघडून बंद केल्यावर गॅस पोचतो. मात्र प्रत्येक वेळी थोडं थांबा आणि गॅसचा वास येऊ लागला तर तिथेच थांबा.

टकटक मंद आणि दमलेली येत असेल तर सेल अर्धे उतरलेत असं समजा. ठिणगी पडते, पण गॅसचा व्हॉल्व्ह उघडून धरायला सेलमध्ये जोर उरलेला नसतो.

एका रबरी नळीला टी लावून शेगडी आणि गिझर दोन्ही एकाच सिलिंडरवर चालवण्याची पद्धत बऱ्याच घरांत आहे. गिझरला शेगडीच्या कितीतरी पट गॅस लागतो. तिकडे चहा उकळत असताना इकडे गिझर लावला की दोन्हीकडे गॅस कमी पडतो. शिवाय प्रत्येक जोड म्हणजे गळतीची एक जास्तीची जागा. गिझरला स्वतंत्र सिलिंडर आणि स्वतंत्र रेग्युलेटर असलेला बरा. आयएसआय मार्कची नारिंगी सुरक्षा नळी वापरावी आणि ती पाच वर्षांनी बदलावी. बाहेरून चांगली दिसली तरी बदलावी.

थंडीत सिलिंडर अर्धवट असूनही गॅस येत नाही

ही तक्रार ग्वाल्हेर, इंदूरकडच्या मराठी घरांना जास्त ओळखीची असेल, कारण तिथली थंडी आपल्यापेक्षा कडक. एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन यांचं मिश्रण. सिलिंडरमध्ये ते द्रवरूप असतं आणि वाफ होऊन नळीत येतं. प्रोपेन उणे 42 अंशांनाही उकळतो, ब्युटेन मात्र शून्याच्या आसपास. त्यामुळे सिलिंडरमधला प्रोपेन आधी निघून जातो आणि तळाशी ब्युटेन जास्त उरतो. पहाटे पारा चार-पाच अंशांवर असेल तेव्हा हा उरलेला गॅस नीट वाफ होत नाही. त्यातून गिझर गॅस भराभरा ओढतो, त्यामुळे सिलिंडर आणखी गार पडतो आणि बाहेरून घाम आल्यासारखा ओला होतो.

यावर काही लोक सिलिंडर गरम पाण्याच्या घमेल्यात ठेवतात, काही जण तो आडवा करतात. दोन्ही करू नये. आडव्या सिलिंडरमधून वाफेऐवजी द्रव गॅस रेग्युलेटरमध्ये शिरतो आणि ज्योत अचानक मोठी होते. सिलिंडर गरम केला तर आतला दाब वाढतो. ऊन वर आल्यावर गिझर लावावा किंवा सिलिंडर बदलावा.

पेटतो आणि विझतो

पेटून काही सेकंदांतच विझत असेल तर ज्योत ओळखणारी दांडी काजळीने किंवा पांढऱ्या थराने झाकली गेलेली असते. ज्योत असते, पण दांडीला ती दिसत नाही, म्हणून ती गॅस तोडते. फिटर बारीक पॉलिश पेपरने ती साफ करतो. पाच मिनिटांचं काम आहे. ही दांडी वायर जोडून बायपास करून देणारे महाभागही भेटतात. तसं करू देऊ नका. ज्योत नसताना गॅस सुटत राहिला तर तो थांबवणारं दुसरं काही उरत नाही.

आंघोळ चालू असताना मध्येच विझत असेल तर दोष बहुधा नळ वापरण्याच्या पद्धतीत असतो. पाणी फार गरम येतंय म्हणून गरम पाण्याचा नळ बारीक केला जातो. त्याने गिझरमधला प्रवाह कमी होतो, दाब पडतो आणि गिझर बंद होतो. शॉवरच्या मिक्सरमध्ये थंड पाणी जास्त सोडलं तरी हेच होतं. पाणी फार गरम वाटलं तर गरमचा नळ पूर्ण ठेवून गिझरवरची गॅसची खुंटी कमी करा किंवा समर-विंटरची खुंटी समरवर न्या. कोमट येत असेल तर गॅस वाढवा, नाहीतर पाण्याची खुंटी थोडी कमी करा.

बऱ्याच मॉडेलमध्ये साधारण वीस मिनिटांनी गिझर आपोआप बंद होतो. हा बिघाड नाही, ती सोय आहे. बंद झाल्यावर लगेच नळ बंद-चालू करून पुन्हा पेटवला तर त्या सोयीला अर्थ राहत नाही.

बोअरच्या पाण्यात क्षार जास्त असतात. हैदराबादकडच्या घरांना हे सांगायला नको. तांब्याच्या नळीत आतून क्षारांचा थर बसत जातो. मग पाण्याची धार बारीक होते, आतून सूं-सूं आवाज येतो आणि गॅस जास्त जळूनही पाणी तेवढं तापत नाही. हा थर काढून घ्यावा लागतो. गोव्याच्या किनारपट्टीवर खाऱ्या हवेने बर्नर आणि पत्रा लवकर गंजतो, म्हणून तिथे तपासणी लवकर लवकर हवी.

या तीन वेळी सिलिंडर बंद करा आणि फिटरला बोलवा

पहिली वेळ, नळ बंद केल्यावरही आत ज्योत दिसते. डायफ्रॅमची दांडी अडकलेली असते, आतलं पाणी उकळायला लागतं आणि नळी फुटू शकते.

दुसरी वेळ, पेटताना धप्प आवाज होतो. ठिणगी उशिरा पडते, तोवर गॅस साठतो आणि एकदम पेट घेतो. सुरुवातीला आवाज छोटा असतो, म्हणून लोक सवय करून घेतात.

तिसरी वेळ, ज्योत निळ्याऐवजी पिवळी दिसते किंवा गिझरच्या वरच्या भागावर काजळी धरते. बर्नरमध्ये धूळ, गंज किंवा कोळ्याचं जाळं बसलेलं असतं. उन्हाळाभर बंद राहिलेल्या गिझरमध्ये कोळी हमखास घर करतात. पिवळी ज्योत म्हणजे गॅस पुरता जळत नाही, आणि पुढचा धोका इथूनच सुरू होतो.

हवेचा हिशोब

सहा लिटरच्या गिझरमधून मिनिटाला सहा लिटर पाणी 25 अंशांनी तापवायचं तर साधारण साडेदहा किलोवॅट उष्णता लागते. वाया जाणारी उष्णता धरून तासाला जवळपास एक किलो गॅस जळतो. घरच्या शेगडीचे पाच मोठे बर्नर एकदम पूर्ण पेटवल्यासारखं हे आहे. चार बाय सहा फुटांच्या खोलीत, दार लावून, पाच बर्नर पेटवून कुणी बसेल का? पण आंघोळीला जाताना नेमकं तेच होतं.

एक किलो एलपीजी पूर्ण जळायला साधारण बारा-तेरा घनमीटर हवा लागते. चार बाय सहाच्या, आठ फूट उंच बाथरूममध्ये सगळी मिळून साडेपाच घनमीटर हवा असते. दहा मिनिटं शॉवर चालला तर गिझर दोन घनमीटर हवेतला ऑक्सिजन खातो. म्हणजे दार-खिडकी घट्ट बंद असेल तर एका माणसाच्या आंघोळीत खोलीतला तिसऱ्या हिश्शाहून जास्त ऑक्सिजन संपला. त्याच्यामागे लगेच दुसरा माणूस आत गेला, तर त्याच्या वाट्याला उरलेली हवा येते.

ऑक्सिजन कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही. सिलिंडरचा गॅस गळला तर वास येतो, कारण त्यात मुद्दाम उग्र वासाचं रसायन मिसळलेलं असतं. ते रसायन ज्योतीत जळून जातं, त्यामुळे जळल्यानंतरच्या वायूला तो वास राहत नाही. जुन्या न्हाणीघरातल्या बंबाचा धूर डोळ्यांना झोंबायचा, ठसका लागायचा, माणूस आपोआप दार उघडायचा. इथे दार उघडायला लावणारं काहीच नसतं.

रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा या वायूला दोनशे पटीहून जास्त जोराने धरतं. म्हणून हवेत थोडा असला तरी रक्तात तो साठत जातो. आधी डोकं जड होतं, मळमळतं, पाय गळून जातात. माणसाला कळतं की काहीतरी होतंय, पण कडी काढण्याइतकं बळ हातात राहत नाही.

जीव वाचला तरी सगळं टळलं असं नाही. बाथरूममध्ये अचानक फिट आली, शुद्ध हरपली, असे रुग्ण भारतातल्या मेंदूविकार तज्ज्ञांनी पाहिले आणि कारण शोधल्यावर गिझर सापडला. वैद्यकीय लिखाणात याला ‘गॅस गिझर सिंड्रोम’ असं नाव पडलं आहे. पहिल्यांदाच फिट आली आणि ती आंघोळीच्या वेळी आली, तर डॉक्टरांना घरातल्या गिझरबद्दल सांगायलाच हवं. नाहीतर फिटच्या गोळ्या सुरू होतात आणि गिझर तिथेच राहतो.

गिझर कुठे असावा?

बाथरूमच्या बाहेर. मागच्या पडवीत, गॅलरीत, मोकळ्या भिंतीवर गिझर लावून फक्त गरम पाण्याचा पाइप आत घ्यावा. वरून पावसाला आडोसा आणि वाऱ्याचा थेट झोत लागू नये एवढी काळजी पुरते. पाच-दहा फूट पाइप वाढतो, सुरुवातीचं थोडं पाणी थंड येतं, पण ज्योत बाहेरच्या हवेवर जळते.

अमेरिकेत चाकांवरची घरं असतात, मोटारहोम. त्यांत पाणी तापवायला प्रोपेनचा गिझर असतो. तिथलं बाथरूम आपल्यापेक्षा छोटं असतं. पण त्या गिझरचं जाळीचं दार गाडीच्या बाहेरच्या अंगाला असतं. हवा बाहेरून येते, जळालेला वायू बाहेरच जातो, राहत्या जागेशी त्याचा संबंध नसतो. शिवाय गाडीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म असतो. बाकी तक्रारी त्याच आहेत. ठिणगी पडते पण पेटत नाही, पेटतो आणि विझतो, बर्नरच्या नळीत कोळ्याचं जाळं. तिकडे मुलांकडे गेलेल्यांनी आणि गाडी भाड्याने घेऊन फिरणाऱ्यांनी गिझर लावण्याआधी ते बाहेरचं दार झाकलेलं नाही ना, एवढं बघून घ्यावं.

आपल्याकडे भाड्याच्या खोलीत गिझर बाहेर काढणं नेहमी जमत नाही. घरमालक भिंत फोडू देत नाही, भाडेकरूला खर्च परवडत नाही. थंडी आत येऊ नये म्हणून बाथरूमच्या झडपांना प्लास्टिक किंवा खोक्याचा पुठ्ठा लावला जातो. तो आधी काढावा. वर एक्झॉस्ट फॅन असेल तर खालून हवा आत येण्यासाठी दाराला फट किंवा जाळीही हवी. हवा आत यायला वाट नसेल तर नुसता फॅन फिरून काही होत नाही.

आणि ज्याला एक पैसाही खर्च येत नाही असा उपाय म्हणजे आधी बादली, मग आंघोळ. दार उघडं ठेवून गिझर लावा, बादली भरा, गिझर आणि रेग्युलेटर बंद करा, मिनिटभर हवा खेळू द्या, मग दार लावा. वीस लिटरची बादली साडेतीन मिनिटांत भरते.

यात गॅसचाही हिशोब बसतो. एका बादलीला साधारण 50 ग्रॅम गॅस जातो. चार माणसांच्या घरात रोज चार बादल्या धरल्या तर 14.2 किलोचा सिलिंडर दोन महिन्यांहून जास्त पुरतो. तेच चौघं दहा-दहा मिनिटं शॉवरखाली उभे राहिले तर तोच सिलिंडर तीन आठवड्यांत संपतो.

गॅस कोणता, गिझर कोणता?

बडोद्यात पाइपगॅस कित्येक वर्षांपासून आहे आणि आता आपल्याकडेही नळ्या येत आहेत. पाइपगॅस आणि सिलिंडरचा गॅस वेगळे आहेत. पाइपगॅसमध्ये घनमीटरमागे उष्णता कमी असते, म्हणून त्याच्या गिझरच्या जेटची भोकं मोठी असतात. बदली झाली, घर बदललं आणि पाइपगॅसचा गिझर सिलिंडरला जोडला तर गरजेपेक्षा कितीतरी जास्त गॅस सुटतो. ज्योत पिवळी होते, काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो. गिझर कोणत्या गॅससाठी आहे, ते पाटीवर लिहिलेलं असतं. गॅस बदलला तर कंपनीच्या माणसाकडून जेट बदलून घ्यावेत. नवीन गिझर घेताना आयएसआय मार्क बघावा आणि जुना-वापरलेला घेताना आतला बर्नर उघडून दाखवायला सांगावं.

प्रसंग आलाच तर

आत गेलेला माणूस हाकेला ओ देत नसेल तर वाट बघू नका. शक्य असेल तर आधी बाहेरून सिलिंडर बंद करा. दार उघडा, तोडावं लागलं तरी तोडा. आत जाऊन तिथेच शुद्धीवर आणायचा प्रयत्न करू नका, माणसाला ओढून मोकळ्या हवेत आणा. श्वास थांबला असेल आणि येत असेल तर कृत्रिम श्वास आणि छातीवर दाब सुरू करा. 108 किंवा 112 ला फोन करा.

दवाखान्यात गेल्यावर ‘गॅस गिझर चालू होता’ हे पहिलं वाक्य असलं पाहिजे. बोटाला लावायचं ऑक्सिजन मोजणारं यंत्र अशा वेळी फसवतं. हिमोग्लोबिनला चिकटलेला कार्बन मोनॉक्साइड त्याला ऑक्सिजनच वाटतो आणि आकडा नेहमीसारखा दिसू शकतो. वेगळी रक्त तपासणी लागते आणि मास्कने शुद्ध ऑक्सिजन द्यावा लागतो. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर तास-दीड तास. माणूस शुद्धीवर आला म्हणून घरी परत आणू नये. घरात गरोदर बाई, लहान मूल किंवा हृदयाचा रुग्ण असेल आणि त्यांचं डोकं नुसतं जड झालं असेल, तरी दाखवून घ्यावं.

गॅसचाच वास येत असेल तर दिव्याचं बटण, एक्झॉस्ट फॅन, काहीही चालू किंवा बंद करू नका. रेग्युलेटर बंद करा आणि दारं-खिडक्या उघडा. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने तो जमिनीलगत साठतो. घराबाहेर येऊन 1906 या गळतीच्या क्रमांकावर कळवा. तो देशभर चालतो, त्यामुळे बेळगाव असो, पणजी असो की इंदूर, नंबर तोच.

थंडीआधी करायची कामं

दिवाळीच्या आसपास, गिझर रोज लागायला सुरुवात होण्याआधी, एकदा फिटरकडून बर्नर, जेट आणि ज्योतीची दांडी साफ करून घ्यावी. जाळी आणि सेल घरीच बघावेत. नळीवर छापलेली तारीख वाचावी आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का, ते बघावं. काडी पेटवून गळती शोधू नये. बाथरूमची कडी बाहेरूनही उघडता येईल अशी करून घ्यावी. घरात म्हातारी माणसं किंवा शाळेत जाणारी मुलं असतील तर हे काम आधी करावं. आंघोळीला जाणाऱ्याने घरात सांगून जावं आणि घरातल्यांनी पाच-सात मिनिटांनी एक हाक मारावी. बाथरूममध्ये कुणी नसताना, दार उघडं ठेवून एकदा गिझर लावून ज्योतीचा रंग बघावा. निळी असेल तर ठीक. पिवळी असेल तर त्या दिवशी पाणी चुलीवर तापवावं आणि फिटरला फोन करावा.